दुहेरी काच

"घे," म्हणत तेरेंतीने चाकाचा पाना अनिस्याच्या हातात कोंबला. "तू खोल."

तिच्या हातांना अजून पीठ चिकटलेलं होतं. चुलीवरच्या तव्यावर धिरडी टाकून ती नुसती विचारायला आली होती, आत्ता खाणार की मागाहून. तिने पाना उलटसुलट करून पाहिला. गॅरेजच्या कोपऱ्यातली लोखंडी शेगडी धडधडत होती, तरी बुटांच्या तळव्यांतून जमिनीचा गारठा वर चढत होता. भिंतीला टेकवून हिवाळी टायर ओळीने उभे होते.

"जॅक कुठाय?"

"जॅक नंतर. आधी नट सैल करायचे. गाडी उचलल्यावर करायला गेलीस तर चाक गरगर फिरतं आणि माणूस माकडासारखा पान्याला लोंबकळतो. हे डोक्यात ठेव."

"मी कशाला डोक्यात ठेवू? लग्न झाल्यापासून गाडीच्या टायरला हात लावू दिला नाहीस. आजच काय झालं?"

"आज शीक."

"धिरडी करपतील."

"करपू देत."

बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. हल्ली तो पाहतच नसे. तिच्याशी बोलायची वेळ आली की मान वळवून दाराकडे, छपराकडे, कुठेतरी तिसरीकडेच बघत बोलायचा. अनिस्याने पाना बसवला आणि त्यावर सगळा भार टाकला. नट कुरकुरला, मग एकदम सुटला.

"सुटला," शेगडीकडे तोंड करून उभा असलेला तेरेंती म्हणाला. "आता त्याच्या समोरचा. शेजारचा नाही. समोरचा."

चारही चाकं तिने बदलली. तो नुसता उभा राहून सांगत होता. मधूनच वाकून नटावर हात ठेवायचा आणि अंगठ्याने चाचपून "अजून आवळ" म्हणायचा. चाकं झाल्यावर हिवाळ्याचं पातळ ऑइल भरायचं होतं. तेही तिनेच भरलं. नंतर ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून, पुसून, पुन्हा बुडवून तिने त्याच्या नाकासमोर धरली.

"किती दाखवतंय?" त्याने विचारलं.

"बघ की. समोर तर धरलीय."

"मी विचारलं, किती दाखवतंय!"

त्याचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. बाहेर कुत्रं एकदा भुंकून गप्प झालं. तेरेंती ओरडणाऱ्यातला नव्हता. ऐन थंडीत रस्त्यात इंजिन बंद पडलं, तेव्हाही त्याने आवाज चढवला नव्हता.

"दोन खुणांच्या मधे," अनिस्या म्हणाली.

"वरच्या खुणेजवळ, की खालच्या?"

"मधे."

"मधे म्हणजे कुठे? हिवाळ्यात असलं 'मधे' चालत नाही."

"वरच्या खुणेच्या जरा खाली," ती एकेक शब्द तोडत म्हणाली आणि पट्टी पुन्हा आत खुपसली.

त्यांच्या गावात, बेस-क्युएलमध्ये, तेरेंतीच्या गाडीला मान होता. डिसेंबरात लेना नदी गोठून तिच्यावरचा रस्ता खुला झाला की पलीकडे याकुत्स्कला जाणारी गावातली पहिली गाडी त्याची असायची. दवाखान्याला निघालेले म्हातारे, पोटुशा बाया, कॉलेजची पोरं, गोठवलेल्या मांसाची पोती, सगळं घेऊन तो नदी ओलांडायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा. त्याच्या गाडीत बसलं की झोप लागते, असं लोक म्हणायचे. नदीच्या पाठीवर गाडीत झोप लागणं ही साधी गोष्ट नव्हती.

आणि याच माणसाबद्दल लुकेर्याने दुकानात, रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या बायकांसमोर म्हटलं होतं, "अगं अनिस्या, तुझा म्हातारा दिसला की शहरात! बाजाराजवळ. बरोबर हिरव्या कोटातली बाई होती, चांगली उंच. कोपराला धरून चालली होती हो! मला आधी वाटलं, तुमची नारियाना. बघते तर ती नव्हे."

नारियाना, त्यांची मुलगी, शहरात शिकत होती, पण ती बुटकी आणि तिचा कोट काळा. अनिस्या हसली होती. त्याच्या मामेबहिणी आहेत तिकडे ढीगभर, असं काहीतरी बोलून पावाची पिशवी उचलून ती घरी आली होती. त्या दिवशी तेरेंती हीटरचा पार्ट आणायला म्हणून गेला होता. पार्ट आणला नव्हता. स्वतःची गाडी दारात ठेवून दुसऱ्याच्या जीपमध्ये पैसे मोजून गेला होता. का, तर म्हणे टायर झिजतात.

तेव्हापासून तिला एकेक आठवत होतं. उन्हाळ्यापासून तो तिलाच गाडी चालवायला लावत होता. आधी गवताच्या कुरणापर्यंत, मग शेजारच्या गावापर्यंत. "हात बसू दे," म्हणायचा. तरुणपणी तिने दूध-डेअरीचा ट्रक चालवला होता. तो हात परत बसतोय म्हणून ती खूशही झाली होती. गवत यंदा लवकर कापून झालं. गोठ्याचं छप्पर झालं. लाकडं तर इतकी फोडून रचली होती की दोन हिवाळे पुरावीत. रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आता गाडी. निघून जायच्या आधी माणूस मागच्यांची सोय लावतो, तसं सगळं चाललं होतं, आणि ते इतक्या नीटसपणे चाललं होतं याचाच तिला जास्त राग येत होता.

दुपारी काचा लावायला घेतल्या. हिवाळ्यात गाडीच्या खिडकीच्या काचेवर आतून दुसरी काच चिकटवतात, मधे हवा राहते, म्हणजे श्वासाची वाफ काचेवर गोठत नाही. गावात हे काम तेरेंतीइतकं सुबक कोणाला जमत नसे. त्याने कडांना चिकटपट्टी लावली, अंगठा कडेवरून हळू फिरवला, कुठे भेग राहिली नाही ना ते बोटांनीच वाचत गेला. काच उचलताना तो श्वास रोखून होता.

"तिरपी बसतेय," अनिस्या म्हणाली.

"सरळ आहे."

"तिरपी आहे. खाली बोटभर फट दिसतेय."

तेरेंतीने खालच्या कडेला करंगळी लावली. करंगळी फटीत गेली. त्याचे कान लाल झाले.

"तू लाव," शेवटी तो म्हणाला. काच तशीच हातात होती.

"नाही लावत."

"अनिस्या."

"नाही लावत म्हटलं ना! हे सगळं मला शिकवून तू कुठे जायचं ठरवलंयस, ते आधी सांग."

तेरेंती दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"मी कुठे जाणार?"

"ते तुला माहीत. आणि त्या हिरव्या कोटवालीला."

"कोण हिरवा कोट?"

त्याने हे इतक्या भाबडेपणाने विचारलं की अनिस्याच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं संसार केल्यावर निदान खोटं तरी धड बोलायला हवं होतं त्याने. ती पुढे झाली, काच त्याच्या हातातून घ्यायला की ढकलायला, हे तिचं तिलाही कळलं नाही. काच दोघांच्या मधे निसटली आणि जमिनीवर फुटली.

तेरेंती लगेच गुडघ्यांवर बसला आणि तुकडे गोळा करू लागला. त्याने पंजा टेकला तो सरळ सगळ्यात मोठ्या तुकड्यावर.

"अरे!" अनिस्याने त्याचं मनगट धरलं. तळहातातून रक्त येत होतं. तिने डोक्याचा रुमाल सोडून गुंडाळला. "एवढा मोठा तुकडा समोर पडलाय आणि त्याच्यावरच हात ठेवतोस? लक्ष कुठाय तुझं?"

त्याने हात काढून घेतला. "जास्तीची काच आहे. त्या कोपऱ्यात, पोत्यामागे."

ती काच अनिस्याने लावली. सरळ बसली. बॉनेटच्या आत लोकरीचा जाड नमदा तिनेच अंथरला, रेडिएटरपुढे पुठ्ठा सरकवला. तेरेंती शेगडीपाशी ओंडक्यावर बसून राहिला, रुमाल बांधलेला हात मांडीवर ठेवून. सगळं झाल्यावर उठला.

"नदीवर जाऊन येऊ," तो म्हणाला. "रस्त्यावर पळवल्याशिवाय हीटरचं खरं कळत नाही. आणि आजीला घास द्यायचाय. दोन धिरडी घे."

"करपलीयत."

"तीच घे. तू चालव."

गावाबाहेर पडल्यावर लार्चची उघडी झाडं दोन्ही बाजूंनी लागली. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता, जुन्या चाकोऱ्यांतून कडक झालेला. गाडी जपानी होती, स्टिअरिंग उजवीकडे. डावीकडच्या सीटवर बसायची सवय अनिस्याची, आणि आज तिथे तेरेंती गुडघ्यांत हात घालून बसला होता. हीटर गरम हवा सोडत होता. नवी काच स्वच्छ होती.

"इंजिन ओरडतंय," तो म्हणाला.

"ऐकू येतंय मला."

"मग पेडल जरा सोड."

तिने जरा सोडलं. वळणावर घोडे आले. हिवाळ्याचे केस वाढवलेले, दाढीवाले, सावकाश रस्ता ओलांडणारे. अनिस्याने ब्रेक लावला, गाडी हातभर घसरून थांबली.

"काय झालं?" तेरेंतीने दचकून डॅशबोर्ड धरला.

"घोडे."

"हं," तो क्षणभराने म्हणाला. "हो. दिसले."

शेवटची घोडी गाडीच्या अगदी नाकासमोर उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. अनिस्याने तेरेंतीकडे पाहिलं. तो डावीकडच्या खिडकीतून झाडांकडे बघत होता. तिने हॉर्न दिला. घोडी बाजूला झाली.

नदी दिसली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. एवढ्या रुंद पात्रात बर्फाच्या राखाडी ताटल्या एकमेकींना घासत वाहत होत्या, सगळीकडून एकच खरखर येत होती. त्यांच्यामधून वाट काढत अजून चालू असलेली एकुलती फेरीबोट पलीकडे चालली होती. चार-पाच दिवसांत तीही बंद होणार, मग रस्ता गोठेपर्यंत इकडचे इकडे आणि तिकडचे तिकडे. काठालगत बर्फ धरला होता, पांढरा, ओसरीसारखा पसरट.

तेरेंती उतरला. बॉनेटवर हात ठेवत पुढे आला, मग बुटाने जमीन चाचपत उतारावरून चार पावलं खाली गेला. टोपी काढली. अनिस्या मागे उभी राहिली. दर वर्षी नदी गोठायच्या आधी तो हे करायचा, आणि दर वर्षी ती गाडीत बसून बघायची.

"आजी," तो नदीला म्हणाला, "खा. करपलंय, पण लोणी लावलंय. हिवाळाभर आम्हाला पाठीवर घे. सांभाळून ने, सांभाळून आण."

त्याने धिरडं मोडलं आणि अर्धं नदीच्या दिशेने भिरकावलं. ते पाण्यापर्यंत पोचलंच नाही. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर, काठच्या पांढऱ्या बर्फावर काळं तोंड वर करून पडलं.

तेरेंती मान कलती करून उभा होता. नदीची खरखर चालू होती.

"घेतला आजीने," तो समाधानाने म्हणाला.

अनिस्याने त्या तुकड्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. कुठूनसा एक कावळा उतरला, बर्फावरून टुणटुणत आला, तुकडा उचलून उडाला. तेरेंतीने उरलेलं अर्धं धिरडं तोंडात घातलं आणि चावत राहिला.

ती उतारावरून खाली आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली, अगदी हाताच्या अंतरावर. त्याने सवयीने मान वळवली. तिने त्याची हनुवटी धरली आणि तोंड सरळ आपल्याकडे केलं.

"बघ माझ्याकडे."

त्याने चावणं थांबवलं. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते आणि नव्हतेही. ते काहीतरी शोधत होते.

"सरळ बघितलं की तू नसतेस," तो म्हणाला. "कडेने बघितलं की असतेस. कान दिसतो. खांदा दिसतो. मधे धुकं."

अनिस्याचा हात त्याच्या हनुवटीवरच राहिला.

"कधीपासून?"

"उजवा डोळा मागच्या हिवाळ्यात. डावा बर्फ वितळल्यावर."

"डॉक्टर?"

"जाऊन आलो. डोळ्यांच्या दवाखान्यात. सुया टोचतील म्हणतात, म्हणजे आहे ते टिकेल. गेलं ते गेलं." तो थांबला. "कोट हिरवा होता का तिचा?"

"कोणाचा?"

"तूच म्हणालीस ना. डोळ्यांत थेंब घातले होते, काहीच दिसेना. तिथलीच कोणीतरी बाई निघाली होती, तिने रस्ता ओलांडून दिला. मला कुठला दिसायला कोट!"

अनिस्याने त्याच्या छातीवर मूठ मारली. मग दुसरी मारली. जाड कोटावर त्यांचा आवाजही झाला नाही.

"मेल्या! तू सामान कधी बांधतोस याची वाट बघत होते मी."

"कुठे जायला?"

"तिच्याकडे!"

तेरेंतीने यावर विचार केला. "उंच होती का?"

"लुकेर्या म्हणते, चांगली उंच."

"मग ती कशाला नेईल मला," तो म्हणाला आणि टोपी डोक्यावर घातली.

तिला हसू आलं. ती त्याचा जखमी हात धरून तशीच उभी राहिली. फेरीबोट पलीकडच्या काठाच्या धुरकट रेषेत मिसळली.

"गावात कोणाला बोलू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"हा एक हिवाळा. तेवढा जाऊ दे." तो भराभर बोलू लागला, पाठ करून ठेवल्यासारखा. "रस्ता माझ्या पायाखालचा आहे. कडेचं दिसतंच मला. तू शेजारी बसायचं आणि सांगत राहायचं. खांब, भेग, समोरून येणारी गाडी. लोकांना वाटेल, नवराबायको गप्पा मारतायत. चाक पंक्चर झालं तर तू खोलशील. मी चाचपत बसलो तर त्या थंडीत बोटं जातील. म्हणून तुला शिकवलं. आणखी कशाला?"

अनिस्याने त्याचा हात सोडला.

"म्हणजे गाडी तूच चालवणार."

"डोळे तुझे, हात माझे."

"आणि मघाशी घोडे?"

तेरेंतीने बुटाने काठचा बर्फ उकरला.

"तुला दिसले नाहीत. मी ब्रेक लावला म्हणून ते घोडे अजून चालतायत."

"नदीवर घोडे नसतात."

"माणसं असतात. गाडीतही असतात, मागे झोपलेली."

"मग काय सांगू त्यांना?" त्याचा आवाज पुन्हा चढला. "या, बसा, निवांत झोपा, तुमच्या ड्रायव्हरला..." त्याने नदीकडे पाठ केली. "गाडी सोडली तर मी करू काय दिवसभर? चुलीपाशी बसून तुझ्या गायींची शेपटं मोजू?"

"मी शेजारी बसणार नाही, तेरेंती."

"मग दुसरं कोणी बसेल."

"कोणालाही बसू देणार नाही. आधी गावभर सांगेन."

"सांग."

"सांगेन."

दोघंही गाडीत येऊन बसली. अनिस्याने किल्ली फिरवली, गाडी वळवली. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. सांगेन म्हणणं सोपं होतं. दुकानातल्या त्या रांगेत उभं राहून लुकेर्यासमोर ती काय सांगणार होती? या माणसाने उभ्या जन्मात गावाकडे एकच गोष्ट मागितली होती, विश्वास. आणि ती तो एका वाक्यात काढून घेणार होती. पण न सांगावं तर डिसेंबरात त्या नदीवर गाडी चालवत तो. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून होती.

गावाच्या तोंडाशी कोणीतरी हात हलवत रस्त्याच्या मधोमध आलं. शेजारचा इग्नात होता. तिने गाडी बाजूला घेऊन हँडब्रेक ओढला. इग्नात सवयीने उजव्या खिडकीकडे धावत आला आणि आत तिला बघून थबकला.

"वहिनी? तू चालवतेयस?" तो वाकून पलीकडे बघत हसला. "दादा, आज साहेबासारखा बसलायस की! बरं झालं भेटलास, घरीच येणार होतो. यंदा पहिली फेरी तुझीच ना?"

तेरेंती समोर बघत होता.

"माझ्या बायकोसाठी मागची सीट धरून ठेव," इग्नात म्हणाला. "जानेवारीच्या मध्यात दिवस भरतात. मागच्या वेळी काय झालं माहीतच आहे तुला. डॉक्टर म्हणतात, शहरातच हवी. ती म्हणते, तेरेंतीदादाची गाडी असेल तरच नदीवर पाय ठेवीन, नाहीतर इथेच बाळंत होईन. आता तूच सांग, अशा बाईला काय म्हणायचं?"

इंजिन चालू होतं. हीटरची गरम हवा अनिस्याच्या गुडघ्यांवर येत होती. तिने ओठ मिटून घेतले. तो "हो" म्हणाला तर इथेच सांगायचं, याच खिडकीतून, याच माणसाला. तिने मनात वाक्यही जुळवलं. ते तोंडाशी येऊन थांबलं. आता ती फक्त त्याच्या आवाजाची वाट बघत होती.

तेरेंतीने मान वळवली. इग्नातकडे नाही, जरा पलीकडे, आरशाच्या दिशेने. इग्नातला वाटलं असेल, म्हातारा विचार करतोय. अनिस्याला माहीत होतं, तो इग्नातकडेच बघतोय, त्याच्या कानाकडे, टोपीच्या कडेकडे, जे काही मिळेल त्याच्याकडे. त्याचा जबडा दोनदा हलला.

"मला कशाला विचारतोस?" तो म्हणाला. "चालवणारीला विचार."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? स्टिअरिंग कोणाच्या हातात आहे?"

इग्नात हसला. मग अनिस्याकडे बघून थांबला. "वहिनी? पहिल्या फेरीला नेशील?"

अनिस्याने घसा साफ केला.

"पहिल्या नाही," ती म्हणाली. "आधी भरलेले ट्रक जाऊन येऊ देत. बर्फ चांगला धरला की मग. तिचे दिवस मध्यात ना? वेळ आहे. मी नेईन तिला."

इग्नातने मान हलवली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. बेस-क्युएलमधून पहिली फेरी तेरेंतीची नाही, असं त्याच्या आठवणीत कधी झालं नव्हतं. तो पुन्हा वाकून पलीकडे बघू लागला, म्हातारा आता काहीतरी बोलेल, बायकोला गप्प करेल, या आशेने.

"तिने सांगितलं ना," तेरेंती म्हणाला. "आता माझ्या तोंडाकडे काय बघतोस? मला तर तुझं तोंडसुद्धा दिसत नाही."

इग्नातने हसायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं, मग हळूहळू मिटलं. त्याने टोपी मागे सरकवली, तेरेंतीच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग अनिस्याकडे.

"बरं," तो म्हणाला. "सांगतो तिला. वहिनी नेणार म्हणून सांगतो."

तो खिडकीपासून मागे सरला. अनिस्याने गाडी लगेच हलवली नाही. शेजारच्या सीटवर तेरेंतीने खांद्यामागे हात नेऊन पट्टा ओढला होता. इतकी वर्षं गाडी चालवली, पण त्याने कधी पट्टा लावला नव्हता. रुमाल बांधलेल्या हाताने तो त्याची खाच शोधत होता. पट्ट्याचं टोक सीटच्या कडेला लागलं, मग हँडब्रेकला. अनिस्याचा हात स्टिअरिंगवरून सुटून थोडा त्याच्याकडे गेला, आणि परत जागेवर आला. तो पुन्हा चाचपू लागला. ती समोर रस्त्याकडे बघत थांबली.

खट् आवाज झाला, तेव्हा तिने ब्रेक सोडला.